डोकेदुखीचे दुखणे आणि विम्याचे कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दर वर्षी कोणी शिकलेल्या बाई येतात, भाषण करतात आणि आपण सतरंजीवर बसून ऐकतो. यंदा कार्यवाह बाईंनी सतरंजीवरून उठवून मलाच येथे उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढे चूल, मुले, सासरची माणसे आणि दोन म्हशी हीच माझी शाळा. तेव्हा भाषेत काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे, ही आधीच विनंती करते.

घरच्यांनी सुचवले होते, "लोणची-पापडावर बोल, बायकांना आवडेल." परंतु गेली दोन वर्षे ज्या एका गोष्टीने आमचे घर ढवळून निघाले आहे, तीच आपल्यापुढे मांडावी असे मी ठरवले. माझा विषय आहे अर्धशिशी, तिच्यावर हल्ली निघालेली इंजेक्शने, आणि त्या इंजेक्शनांचा खर्च आरोग्यविम्यातून मागताना बाईमाणसाने काय काय ध्यानात ठेवावे, हा.

अर्धशिशी आपल्याला नवी नाही. आयुर्वेदात तिला अर्धावभेदक म्हटले आहे. आपल्या आज्या कपाळाला फडके घट्ट आवळून बांधत, सुंठेचा लेप लावत, नाकात तूप सोडत. कोणी सूर्य उगवायच्या आधी दूध-जिलेबी खायला सांगे. डोक्याची एक बाजू ठणकायला लागते, पोटात मळमळते, ओकारी होते, उजेड आणि भांड्यांचा आवाज सहन होत नाही. बाई अंधाऱ्या खोलीत पडून राहते. बाहेर कोणी म्हणते, "पाहुणे यायचे म्हटले की हिचे डोके कसे दुखते?" भगिनींनो, हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकले असेल, आणि किती जणींनी म्हटलेही असेल.

डॉक्टर लोक याला मायग्रेन म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास दुपटी-तिपटीने जास्त होतो. जगातल्या आजारांची मोजदाद करणाऱ्या २०१९ च्या मोठ्या पाहणीत, माणसाला कामातून उठवणाऱ्या आजारांत मायग्रेनचा नंबर दुसरा लागला, आणि तरुण वयाच्या बायकांत पहिला. तेव्हा हे सोंग नव्हे, हे आता पाहणीनेही सांगितले आहे.

यात एक जुनाट प्रकार आहे. महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस डोके दुखते, त्यातले निदान ८ दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे असतात, आणि असे तीन महिन्यांहून अधिक चालते, तेव्हा डॉक्टर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. माझ्या धाकट्या जावेला हाच आजार आहे. ती दुपारी अंगणात वाळवण घालायला गेली तरी डोळ्यांवर पदर ओढून घेत असे. सासूबाईंना वाटे लाज, मला वाटे ऊन. खरे कारण अर्धशिशी होते.

पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तिला पहिल्या भेटीत औषधापेक्षा एक वही सांगितली. रोज रात्री त्यात लिहायचे: आज डोके दुखले का, किती वेळ, ओकारी झाली का, कोणती गोळी घेतली, कोणते काम राहिले. पुतण्याच्या जुन्या वहीची कोरी पाने शिल्लक होती, त्यातच तिने सुरुवात केली. तीन महिन्यांनी आम्ही दिवस मोजले. कोणत्या महिन्यात १७, कोणत्या महिन्यात १९. "स्वयंपाक अर्धा टाकून निजले", "मुलाच्या शाळेच्या सभेला गेले नाही", "दूध उतू गेले, कळले नाही", अशी वाक्ये पानोपानी होती. भावजींनी ती वही वाचली आणि बराच वेळ बोलले नाहीत. दहा वर्षांत बायकोने तोंडाने जे सांगितले ते त्यांना वहीतून पटले.

वहीचा दुसरा उपयोग असा झाला की गोळ्यांचा हिशोब निघाला. साध्या दुखण्याच्या गोळ्या महिन्यातले १५ दिवस, किंवा मिश्र गोळ्या १० दिवस, अशा सतत तीन-चार महिने घेत राहिले, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते असे डॉक्टरांनी सांगितले. किराणा दुकानातून गोळी आणून पाण्याबरोबर गिळायची आपल्याला सवय आहे. त्या सवयीकडे एकदा वहीतून पाहावे.

औषधाचा क्रम साधारण असा असतो. आधी रोज घ्यायच्या गोळ्या देतात. त्यांतल्या काही मूळच्या रक्तदाबाच्या, काही फिटच्या, काही उदासीनतेच्या आजारावरच्या असतात, पण डोकेदुखी येऊ नये म्हणूनही त्यांचा उपयोग होतो. दोन-तीन प्रकारच्या गोळ्यांनी गुण आला नाही, किंवा त्या सोसल्या नाहीत, तर मग इंजेक्शनांचा विचार होतो.

ही इंजेक्शने दोन जातींची आहेत. पहिले बोट्युलिनमचे, ज्याला सगळे बोटॉक्स म्हणतात. सिनेमातल्या बायका सुरकुत्या घालवायला घेतात तेच औषध, पण येथे काम वेगळे. कपाळ, कानशिले, डोक्याचा मागचा भाग, मान आणि खांदे अशा ३१ ठिकाणी बारीक सुईने थोडे थोडे देतात, आणि दर १२ आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागते. अमेरिकेत जुनाट मायग्रेनसाठी त्याला २०१० साली मान्यता मिळाली. दुसरी जात प्रतिपिंडांची, म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडीची. मायग्रेन उठते तेव्हा डोक्याच्या नसांतून सीजीआरपी नावाचे एक द्रव्य सुटते. हे औषध त्या द्रव्याला अडवते. त्यातले पहिले अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले. यांतली बहुतेक पोटावर किंवा मांडीवर कातडीखाली महिन्याला एकदा घेतात. ज्या चौघा शास्त्रज्ञांनी मायग्रेनमधले या द्रव्याचे काम उलगडून औषधाची वाट मोकळी केली, त्यांना २०२१ साली मेंदूसंशोधनाचे मोठे पारितोषिक मिळाले. इंजेक्शनांनी सगळ्यांचेच डोके थांबते असे नाही. पण महिन्यातले अर्धे दिवस जरी परत मिळाले, तरी घरातल्या बाईला ते पुष्कळ असतात.

आता खर्चाची गोष्ट. जावेला डॉक्टरांनी पहिले इंजेक्शन सांगितले. एका खेपेची रक्कम ऐकून भावजी खाली बसले, कारण ती दर तीन महिन्यांनी द्यायची होती. जावेने आपल्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या. आमच्या घरात आरोग्यविमा आहे, त्याचा हप्ता दर वर्षी न चुकता भरतो. आम्हाला वाटले, इस्पितळातले बिल विमा देईल आणि पाटल्या सुटतील.

भगिनींनो, विमा म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याला वेगळे समजावून सांगायला नको. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला, तो शेतकऱ्यांच्या लहान लहान भागांतून. एकट्याला जे पेलत नाही ते सगळ्यांच्या पैशातून पेलायचे. विम्यातही पुष्कळांचे हप्ते एका जागी जमतात आणि ज्याच्या घरी आजार येतो त्याला त्यातून मिळते. पण कारखान्याची जशी घटना असते, तशी विम्याची पॉलिसी असते, आणि तिच्यात लिहिले असेल तेवढेच मिळते.

आपल्या देशात सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम सुरू केला. त्याचा पाया असा होता की माणूस इस्पितळात दाखल झाला पाहिजे, आणि साधारण २४ तास तरी राहिला पाहिजे. त्या काळी मोठा आजार म्हणजे खाट, सलाईन आणि शस्त्रक्रिया. पुढे शास्त्र सुधारले. मोतीबिंदू सकाळी काढून दुपारी घरी जाता येऊ लागले. म्हणून कंपन्यांनी डे केअर नावाची वेगळी सोय केली. पण तिची व्याख्या नीट ऐका: पूर्वी ज्याला २४ तासांहून जास्त दाखल राहावे लागत असे, आणि नव्या साधनांमुळे आता थोड्या वेळात होते, असा भूल देऊन किंवा जागा बधिर करून केलेला उपचार. जो उपचार एरवी ओपीडीत, म्हणजे दाखल न होता मिळतो, तो डे केअरमध्ये धरत नाहीत.

अर्धशिशीचे इंजेक्शन याच दोन खाटांच्या मधल्या फटीत पडते. ते महागड्या शस्त्रक्रियेइतके पैसे घेते आणि वेळ मात्र अर्ध्या तासाचा.

आमच्या क्लेमवर कंपनीचे उत्तर इंग्रजीत आले. माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ते वाचून सांगितले. दोन कारणे होती. एक, हा सौंदर्योपचार आहे. दुसरे, हा उपचार ओपीडीत होण्यासारखा आहे, दाखल होण्याची गरज नव्हती. जाऊ म्हणाली, "ताई, त्यांना वाटले का मी सुरकुत्या काढायला गेले होते?" तिला रडू आले ते पैशापेक्षा या शब्दाने.

त्या दिवसापासून मी आणि माझी मुलगी कागद वाचायला बसलो. त्यातून जे कळले ते एकेक करून सांगते.

सौंदर्योपचाराचे कलम सगळ्या पॉलिसीत सारखे आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली कंपन्यांनी कोणत्या गोष्टी वगळायच्या त्यांची एकसारखी भाषा ठरवून दिली आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. सौंदर्योपचाराचा क्रमांक आठवा. त्यातच सूट लिहिली आहे, की आजारावरच्या उपचाराचा भाग म्हणून गरज असेल आणि उपचार करणारे डॉक्टर तसे लिहून देतील, तर ते वगळलेले नाही. तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसते औषधाचे नाव पुरत नाही. आजाराचे नाव, तो किती वर्षे आहे, महिन्यातले किती दिवस दुखते, आधी कोणती औषधे किती काळ दिली आणि ती का बंद केली, आणि आता हेच का द्यावे लागते, एवढे सगळे त्यांच्या सहीने हवे. आमच्या डॉक्टरांनी तसे पत्र दिले, सोबत वहीची पाने जोडली. कंपनीने सौंदर्योपचाराचे कारण मागे घेतले. वहीने हे एक काम केले.

दुसरे कारण अवघड आहे, आणि ते अवघडच सांगितले पाहिजे. २०१९ सालच्याच त्या आदेशात १२ नव्या उपचारांची यादी आहे, जे कंपन्यांना पॉलिसीबाहेर ठेवता येत नाहीत. त्या यादीत इंजेक्शनाने द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे, डोळ्याच्या आत द्यायचे इंजेक्शन आहे. म्हणजे अर्धशिशीच्या दुसऱ्या जातीच्या इंजेक्शनाला या यादीचा आधार घेता येतो. पण तिथेही उपचार इस्पितळात दाखल होऊन किंवा डे केअरमध्ये झालेला असावा लागतो. घरी स्वतः टोचून घेतले तर यादीचा आधार राहत नाही. शिवाय काही पॉलिसीत या उपचारांना मर्यादा आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत ती विमा रकमेच्या निम्म्यापर्यंत ठेवली होती. आणि बोट्युलिनमचे इंजेक्शन त्या १२ च्या यादीत नाहीच.

मग काय करावे? तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्या दुष्काळी भागाला सांगायला नको.

पॉलिसी घेण्याआधी आजार लपवू नये. प्रस्ताव अर्जात "पूर्वीचा काही आजार" असा रकाना असतो. अर्ज भरणारा एजंट म्हणतो, "वहिनी, डोकेदुखी काय लिहायची!" त्याचे ऐकू नये. लिहिले तर कंपनी त्या आजारासाठी थांबायला लावते. २०२४ च्या नव्या नियमाने ही मुदत ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लपवले आणि नंतर जुनी चिठ्ठी निघाली, तर सारी पॉलिसीच अडचणीत येते. पॉलिसी सलग ६० महिने चालली, की मग मुद्दाम केलेली फसवणूक सोडून आजार सांगितला नव्हता या कारणावर क्लेम नाकारता येत नाही. पण फसवणुकीचा आरोप अंगावर ओढून घेण्यापेक्षा पहिल्या दिवशी खरे लिहिलेले बरे.

पॉलिसी हाती आल्यावर सोबत ग्राहक माहितीपत्रक म्हणून दोन-तीन पानांचा गोषवारा येतो. तो मराठीत मागता येतो. आपण मागत नाही म्हणून ते देत नाहीत. त्यात ओपीडीचा खर्च आहे का, नव्या उपचारांना मर्यादा किती, हे पाहावे. न पटल्यास ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. ज्या घरात जुनाट अर्धशिशी आहे, त्या घराने ओपीडीचा खर्च देणारी जोड पॉलिसीला मिळते का हे विचारावे, आणि तिचा जादा हप्ता किती, परत मिळणारी रक्कम किती, याचा हिशोब मांडावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला आहे. तेवढ्या वाचलेल्या पैशात काही बसते का तेही बघावे.

इंजेक्शन घेण्याआधी कंपनीला लेखी विचारावे. इस्पितळातल्या विम्याच्या खिडकीवरून पूर्वमंजुरीचा अर्ज जातो, सोबत डॉक्टरांचे सविस्तर पत्र जोडावे. आधी "नाही" आले तरी ते पाटल्या मोडण्याआधी आलेले असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. काही जण कानात सांगतात, "एक रात्र खाटेवर झोपून काढा, कागद तसे करून देतो." तसे करू नये. खोटे कागद सापडले तर खरा क्लेमही बुडतो. डॉक्टरांना खरोखर दाखल करण्याची गरज वाटली, म्हणजे आधीच्या खेपेला चक्कर आली, दुसरा आजार आहे, देखरेख हवी आहे, तर ते कारण त्यांनी केसपेपरवर लिहावे. खरे कारण लिहिलेले असले की त्यावर भांडता येते.

क्लेम नाकारला तर नुसते फोनवरचे उत्तर घेऊ नये. नकार देताना पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली नाकारले ते कंपनीने लेखी कळवले पाहिजे, असे २०२४ च्या नियमात आहे. नकार देण्याआधी कंपनीच्या आतल्या समितीची मान्यताही लागते. ते कलम काढून वाचावे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला उत्तर लिहावे. विमा प्राधिकरणाच्या बीमा भरोसा या जागी तक्रार नोंदवता येते, किंवा १५५२५५ या क्रमांकावर फोन करता येतो. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. आपल्या जिल्ह्यासाठी लोकपालाचे कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी नाही, वकील नको, ५० लाख रुपयांपर्यंतची तक्रार चालते, पण कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. लोकपालाचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. तो ३० दिवसांत पाळला नाही तर कंपनीला दिवसाला ५,००० रुपये दंड तक्रारदाराला द्यावा लागतो. लोकपाल नको असेल तर ग्राहक आयोग आहे, तिथे दोन वर्षांची मुदत असते. तिथे आधी दावा लावला तर लोकपाल तीच तक्रार घेत नाही, म्हणून बहुतेक जण आधी लोकपालाकडे जातात.

कंपनी सरकारी मालकीची असेल तर आणखी एक हत्यार आहे. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी ज्यासाठी आंदोलने केली तो माहितीचा अधिकार २००५ पासून साऱ्या देशाला मिळाला. दहा रुपयांच्या अर्जावर आपल्या क्लेमच्या फाइलीत कोणी काय शेरा मारला त्याची नक्कल मागता येते. आपल्याच जिल्ह्यातून ज्या हक्कासाठी आवाज उठला, तो आपल्याच घरच्या कामाला वापरावा.

२४ तासांच्या अटीवर ग्राहकाच्या बाजूने निकाल झालेलेही आहेत. मार्च २०२३ मध्ये बडोद्याच्या ग्राहक आयोगाने सांगितले की आता नव्या औषधांनी आणि साधनांनी उपचार लवकर होतात, तेव्हा रोगी २४ तास दाखल नव्हता एवढ्यावरून क्लेम नाकारता येणार नाही. तो निकाल अर्धशिशीचा नव्हता, आणि एका जिल्ह्याचा निकाल दुसऱ्या जिल्ह्यावर बंधनकारक नसतो. तरी आम्ही आमच्या अर्जात तो जोडला आहे. जावेला सकाळी दाखल करून दुपारी सोडले होते, डिस्चार्ज कार्ड आहे, आणि दाखल का केले ते डॉक्टरांनी लिहिले आहे. अर्ज पुण्यास गेला आहे आणि निकाल यायचा आहे. पाटल्या अजून पतसंस्थेतच आहेत. पण दुसऱ्या खेपेनंतरच्या महिन्यात जावेच्या वहीत दुखण्याचे दिवस ९ भरले, हेही सांगते.

आता येथे बसलेल्या कित्येक जणी मनात म्हणत असतील, "आमच्याकडे पॉलिसीच नाही, आम्ही काय करू?" महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ही योजना २०१२ साली दुसऱ्या नावाने सुरू झाली आणि २०१७ पासून हे नाव आहे. पण तिथेही उपचारांची ठरावीक यादी आहे, आणि ती मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांची आहे. योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसतात, त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून स्पष्ट विचारावे, किंवा १५५३८८ वर फोन करावा. ज्यांचे यजमान नागापूरच्या किंवा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहेत आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांनी राज्य कामगार विम्याचे कार्ड आहे का ते पाहावे. त्या विम्यात दाखल न होता घेतलेली तपासणी आणि औषधेही येतात. विम्याच्या कंपनीशी जे भांडण आम्ही करतो आहोत, ते मुळात तिथे उभेच राहत नाही. आणि ज्यांच्याजवळ काहीच नाही, त्यांनीही निदान सरकारी दवाखान्यात जाऊन निदान करून घ्यावे. रोजच्या गोळ्या महाग नसतात आणि पुष्कळ जणींना त्यांनीच गुण येतो, इंजेक्शनापर्यंत जावे लागत नाही.

एक सूचना मात्र विसरू नये. अचानक आयुष्यात कधी नव्हे इतके जोराने डोके दुखले, सोबत ताप किंवा मान ताठ झाली, हातपाय लुळे पडले, बोबडी वळली, किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच डोकेदुखी सुरू झाली, तर वही लिहीत बसू नये. त्याच वेळी इस्पितळ गाठावे.

शेवटी आपल्या मंडळापुढे एक विनंती ठेवते. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायकांना, ज्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, आरोग्यसेविका केले. त्या बायकांनी बाळंतपणे केली, मुलांची वजने घेतली, गावे सुधारली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळाले. जे काम अक्षरओळख नसलेल्या बायका करू शकल्या, ते आपण सातवी-दहावी झालेल्या बायका करू शकत नाही का?

माझे म्हणणे एवढेच, की मंडळाने प्रत्येक सभासद भगिनीला एक वही द्यावी. ज्यांचे डोके दुखते त्यांनी त्यात दिवस लिहावेत. आणि महिन्यातून एका दुपारी, भिशीच्या दिवशी म्हणा हवे तर, ज्यांच्या घरी विम्याचा कागद आहे त्यांनी तो घेऊन यावे. आपल्या मुली इंग्रजी वाचतात, आपण प्रश्न विचारू. कोणाचा क्लेम नाकारला गेला असेल तर तक्रारीचे पत्र तिथेच लिहू. कोणत्या घरी कोणाला काय दुखते याची चर्चा बाहेर होणार नाही एवढी शपथ मात्र आपण साऱ्यांनी घेतली पाहिजे.

बाईचे दुखणे आजवर कोठेच लिहिले गेले नाही. म्हणून विमा कंपनीला ते दिसत नाही, आणि खरे सांगायचे तर घरातल्या माणसांनाही दिसत नाही. जावेची वही आमच्या घरात आता देवघराच्या फळीवर असते. सासूबाईंना वाचता येत नाही, पण संध्याकाळी त्या आवर्जून विचारतात, "आजचे लिहिलेस का गं?"